घरच्या मांजरीची पिल्ले: निर्णयापासून नव्या घरापर्यंत

मांजर पाळणाऱ्या घरात एक सल्ला हमखास ऐकू येतो. "नसबंदी करा हवं तर, पण एकदा तरी तिला पिल्लं होऊ द्या," असे शेजारच्या काकू सांगतात, गावाहून आलेली आत्या सांगते. त्यामागे माया असते, पण त्याला वैद्यकीय आधार नाही. एकदा विण्याने मांजरीची प्रकृती सुधारत नाही किंवा तिच्या मनातली कोणती उणीवही भरून निघत नाही. वयाच्या सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये स्तनांच्या गाठी फारच कमी आढळतात, आणि मांजरींना होणाऱ्या अशा गाठींपैकी बहुसंख्य कर्करोगाच्या असतात, हे लक्षात घेतले तर हा सल्ला तिच्या हिताच्या उलट जातो. पिल्ले मांजरीला नव्हे, माणसाला हवी असतात. ती हवीशी वाटण्यात गैर काही नाही. मात्र त्या इच्छेपोटी जन्माला येणाऱ्या प्रत्येक जिवाची जबाबदारी ज्याची इच्छा त्याच्यावरच येते, आणि ती पिल्लू दुसऱ्याच्या हाती सोपवल्यावरही संपत नाही. माझ्या पर्शियन मांजरीची एकच वीण होऊ देताना मी याच विचाराला धरून राहिले.

माझे मत आधीच सांगते: बहुतेक घरांनी हे करू नये. देशी मांजरीची वीण मुद्दाम घडवून आणण्याचे तर काहीच कारण नाही. आपल्या प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मंडईच्या मागे, मासळी बाजाराच्या कडेला घर शोधणारी पिल्ले वर्षभर असतात. माझ्या बाबतीत निर्णय वेगळा झाला, कारण मला जवळून ठाऊक असलेल्या काही कुटुंबांना पर्शियन मांजरच हवी होती, आणि ती कोणतीही तपासणी न झालेल्या आईबापांची, दीड महिन्यात आईपासून तोडलेली पिल्ले विकत आणण्याच्या बेतात होती. त्यांना थांबायला सांगितले, त्यांनी ते मान्य केले, आणि मगच पुढचे पाऊल टाकले. घरे आधी आणि पिल्ले नंतर, हा क्रम मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो. एका वेळी साधारण तीन ते पाच पिल्ले होतात. तेवढी घरे डोळ्यासमोर नसतील आणि सगळी पिल्ले स्वतःकडेच राहिली तर त्यांना सांभाळण्याची ऐपतही नसेल, तर विषय तिथेच संपवावा.

काही मांजरींच्या बाबतीत तर घरे तयार असली तरी वीण करू नये. दुमडलेल्या कानांच्या स्कॉटिश फोल्डला सध्या आपल्याकडे मोठी मागणी आहे. १९६१ साली स्कॉटलंडमधील एका शेतावर सापडलेल्या सुझी नावाच्या मांजरीपासून ही जात पुढे आली. तिचे कान ज्या जनुकीय दोषामुळे दुमडतात, तोच दोष सगळ्या शरीरातील कूर्चेवर परिणाम करतो, आणि पुढे पाय, शेपटी व सांधे दुखरे आणि ताठ होतात. कान दुमडलेले हवेत आणि सांधे निरोगी हवेत, ही मागणी एकाच वेळी पुरी होऊ शकत नाही. पर्शियनमध्येही ज्याला बाजारात 'पंच फेस' म्हणतात, त्या अगदी चपट्या चेहऱ्याच्या मांजरींना श्वास घेणे जड जाते, डोळे सतत पाझरतात, आणि पिल्लांची डोकी रुंद असल्यामुळे विताना ती अडकण्याचा धोका वाढतो. माझी मांजर 'डॉल फेस', म्हणजे नाक थोडे पुढे असलेली आहे, आणि तिच्यासाठी बोकाही तसाच शोधला.

बोका शोधण्याआधी करायची खरी गोष्ट म्हणजे तपासण्या, आणि नेमक्या त्याच आपल्याकडे सर्वाधिक टाळल्या जातात. पर्शियन आणि तिच्या संकरातून आलेल्या मांजरींमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. पशुवैद्य त्याला पीकेडी म्हणतात. जन्मतःच असलेल्या बारीक गाठी हळूहळू वाढत जातात, आणि मांजर सहा-सात वर्षांची होईपर्यंत बाहेरून काहीही कळत नाही. तोपर्यंत ती अनेकदा व्यालेली असते. हा दोष प्रभावी आहे, म्हणजे आईबापांपैकी एकाकडे जरी तो असला तरी सरासरी निम्म्या पिल्लांना तो मिळतो. २००४ पासून त्याची डीएनए चाचणी उपलब्ध आहे. गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवला की मांजरीच्या आयुष्यभरासाठी एकदाच उत्तर मिळते. दहा महिन्यांनंतर अनुभवी डॉक्टरांनी केलेल्या सोनोग्राफीतही गाठी बऱ्याच खात्रीने दिसतात. ज्या बोक्याच्या मालकाने "आमच्या बोक्याला काही होत नाही, बघा ना कसा धष्टपुष्ट आहे" असे म्हणून चाचणीला नकार दिला, त्याचा विचार मी तिथेच सोडला. मेन कून या जातीच्या मांजरी पाळणाऱ्यांनी अशीच चौकशी हृदयाच्या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराविषयी करायला हवी.

रक्तगटाबद्दल तर अनेक वर्षे मांजरी पाळणाऱ्यांनाही माहिती नसते. मांजरींमध्ये मुख्यतः ए आणि बी असे गट असतात, आणि एबी हा क्वचित आढळतो. बहुतेक देशी मांजरी ए गटाच्या असतात, परंतु ब्रिटिश शॉर्टहेअर, पर्शियन अशा काही जातींत बी गट नोंद घेण्याइतका सापडतो. बी गटाच्या मांजरीच्या रक्तात ए गटाविरुद्धची तीव्र प्रतिद्रव्ये (अँटीबॉडीज) उपजतच असतात. तिचा संबंध ए गटाच्या बोक्याशी आला, तर ए गट प्रभावी असल्यामुळे काही किंवा सगळी पिल्ले ए गटाची होतात. ती धडधाकट जन्मतात, आईचा चीक पितात, आणि त्या चिकातूनच त्यांच्या तांबड्या पेशी फोडणारी प्रतिद्रव्ये त्यांच्या पोटात जातात. पिल्लू दूध सोडते, लघवी गडद तांबूस होते, आणि एक-दोन दिवसांत ते दगावते. अशा वेळी घरात दृष्ट, वारा, आईचे वाईट दूध अशी कारणे बोलली जातात. खरे कारण विणीआधी रक्ताच्या एका थेंबाने कळले असते. दोघांचे गट जुळत असतील तर प्रश्नच उरत नाही. जुळत नसतील तर दुसरा बोका पाहणे हाच सरळ मार्ग आहे, कारण जन्मल्याबरोबर पिल्लांना आईपासून दूर ठेवून पहिला दिवसभर बाटलीने पाजणे घरच्या घरी फार अवघड जाते.

याखेरीज दोन्ही मांजरांची विषाणूजन्य रक्ताच्या कर्करोगासाठी आणि मांजरांमधील एड्ससारख्या आजारासाठी चाचणी व्हावी, आणि दोघांची कातडी नीट तपासली जावी. पर्शियनच्या दाट केसांत गजकर्ण लपून राहते, आणि कोकण-मुंबईच्या पावसाळी दमटपणात ते झपाट्याने पसरते. गाभण मांजरीला त्यावरची काही औषधे देताच येत नाहीत, कारण त्यांनी गर्भात व्यंग निर्माण होते. लसीकरणही आधीच पूर्ण करून घ्यावे. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या घातक विषाणूजन्य आजारावरची, जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची लस गाभणपणी दिली तर पिल्लांच्या लहान मेंदूची, म्हणजे शरीराचा तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाची, वाढ खुंटू शकते.

मांजर साधारण सहा ते दहा महिन्यांची झाली की माजावर येते. पर्शियन बरेचदा त्याहून उशिरा येते. पहिल्याच माजाला तिला बोका दाखवणे म्हणजे अजून वाढत असलेल्या शरीरावर दुसऱ्या शरीरांचा भार टाकणे. मी ती दीड वर्षाची होऊन तिचे वजन स्थिरावेपर्यंत थांबले. त्या काळात रात्री-अपरात्रीचे तिचे ओरडणे आणि जमिनीवर लोळणे सहन करावे लागते. बोका न मिळाल्यास माज सुमारे आठवडाभर टिकतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येतो. दिवस मोठे असताना तो अधिक येतो, आणि आपल्या अक्षांशावर हिवाळाही फारसा आडवा येत नाही.

भाटीला बोक्याच्या घरी न्यावे, बोक्याला तिच्या घरी आणू नये. अनोळखी जागेत बोका बिचकतो. मांजरीत बीज सुटते ते समागमानंतरच, आणि त्यासाठी अनेकदा थोड्या वेळात वारंवार समागम व्हावा लागतो, म्हणून दोघांना दोन-तीन दिवस एकत्र ठेवतात. परत आणल्यावर दारे-खिडक्या अधिकच काळजीने बंद ठेवाव्या लागतात, कारण माज अजून ओसरलेला नसतो आणि एकाच विणीतील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. बोक्याच्या मालकाचा मोबदला पैशांत की पहिल्या निवडीच्या पिल्लाच्या रूपाने, हे आपल्याकडे तोंडी ठरते आणि मग त्यावरून वाद होतात. मी पैशांत ठरवले आणि कागदावर लिहून घेतले. पिल्लू कोणाकडे जाणार, हा निर्णय मला हातातून सोडायचा नव्हता.

गाभणपणाचे दिवस त्रेसष्ट ते पासष्ट धरतात, चार-पाच दिवस इकडेतिकडे होतात. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आचळे गुलाबी होऊन उठून दिसू लागतात. पंचविसाव्या दिवसानंतर सोनोग्राफीत हृदयाचे ठोके दिसतात. पंचेचाळीस दिवसांनंतरच्या एक्स-रेत पिल्लांची हाडे मोजता येतात, आणि ही संख्या कळणे अत्यंत उपयोगाचे असते, कारण वीण पूर्ण झाली की नाही हे नंतर त्यावरूनच ठरवता येते. आहार हळूहळू वाढवावा, आणि शेवटच्या टप्प्यात पिल्लांसाठी असलेले अन्न दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे; पोटात जागा उरत नाही म्हणून एकदम खाणे तिला जमत नाही. घरातील माणसांच्या औषधांपैकी कोणतेही औषध देऊ नये. तापासाठी दिलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेऊ शकते.

विण्यासाठी जागा दोन आठवडे आधी तयार ठेवावी. पुठ्ठ्याचे मोठे खोके, एका बाजूने उंबरठ्याएवढी उंची ठेवून कापलेले, आत वर्तमानपत्रे आणि त्यावर धुतलेली जुनी सुती चादर, एवढे पुरते. टर्किश टॉवेलच्या फासांत पिल्लांची नखे अडकतात. खोके घरातील वर्दळीपासून दूर, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. ती फिरवते तेव्हा बहुधा तिला जागा असुरक्षित वाटलेली असते. पाहुण्यांना पिल्ले दाखवण्याचा उत्साह पहिले दोन-तीन आठवडे आवरला, तर तिला घर बदलावेसे वाटण्याचे कारण उरत नाही. माझी मांजर एकदाही हलली नाही.

वेणा सुरू होण्याच्या साधारण दिवसभर आधी तिचे तापमान एक अंशाने उतरते, ती खाणे टाकते, खोक्यात जाऊन उकरते, आणि माणसाळलेली असेल तर सारखी जवळ येते. हा पहिला टप्पा बारा तास किंवा त्याहूनही लांबतो आणि त्यात काहीही करायचे नसते. नंतर जोराच्या कळा दिसू लागतात. इथून पुढे घड्याळ समोर ठेवावे. वीस-तीस मिनिटे जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आले नाही, पिल्लाचा भाग दिसून तिथेच अडकला, पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव आला, किंवा आत पिल्ले आहेत हे माहीत असूनही ती दोन तास कळा देत राहिली, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. कळा न देता, शांतपणे पिल्लांना पाजत मांजर मध्येच काही तास विश्रांती घेऊ शकते, हेही लक्षात असावे, म्हणजे उगाच घाबरून तिला हलवले जात नाही. रात्री उघडा असलेला, सिझेरियन करणारा दवाखाना कोणता, तिथे पोहोचायला किती वेळ लागतो आणि अंदाजे खर्च किती, हे आधीच विचारून ठेवावे. कोणाच्या सांगण्यावरून कळांचे इंजेक्शन घरी देणे हा जिवाशी खेळ आहे. पिल्लू आडवे अडकले असताना ते दिले, तर गर्भाशय फाटू शकते.

बहुतेक वेळा आई सगळे स्वतः करते. ती पडदा फाडते, पिल्लू चाटते, नाळ तोडते आणि वार (प्लॅसेंटा) खाऊन टाकते. प्रत्येक पिल्लामागे एक वार यायला हवी, म्हणून ती मोजावी. तिने पडदा फाडला नाही तरच हात घालायचा: पिल्लाच्या तोंडावरचा पडदा बोटाने बाजूला करून, कोरड्या स्वच्छ कापडाने ते रडेपर्यंत चोळायचे. नाळ तोडावी लागली तर पोटापासून दोन-तीन सेंटीमीटर अंतरावर उकळलेल्या दोऱ्याने बांधून पलीकडे कापायची, ओढायची नाही. चीक पोटात जाण्याची घाई मात्र असते, कारण त्यातली रोगप्रतिकारक द्रव्ये पिल्लाच्या आतड्यातून रक्तात शिरण्याची मुदत पहिल्या सोळा ते अठरा तासांत संपते.

पुढच्या दोन आठवड्यांत मला सर्वाधिक उपयोगी पडलेले उपकरण म्हणजे स्वयंपाकघरातील ग्रॅमचा काटा. जन्मलेले पिल्लू साधारण नव्वद ते एकशे दहा ग्रॅमचे असते आणि रोज दहा-पंधरा ग्रॅमनी वाढायला हवे. मी रोज एकाच वेळी चौघांची वजने वहीत लिहीत असे. आजारी पडणारे पिल्लू बाहेरून सुस्त दिसण्याच्या एक दिवस आधी वजनात दिसते. आमचे सर्वांत धाकटे पिल्लू चौथ्या दिवशी वाढले नाही आणि पाचव्या दिवशी घटले. भावंडे त्याला आचळापासून ढकलत होती. दिवसातून काही वेळा इतरांना बाजूला ठेवून त्याला एकट्याला मागच्या, जास्त दुधाच्या आचळाशी धरले, आणि आठवड्याच्या अखेरीस ते रांगेत आले. काटा नसता तर हे मला वेळेत कळले नसते.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात स्वतःची ऊब राखता येत नाही. खोक्यातील एका बाजूला तीस अंशांच्या आसपास ऊब हवी, आणि दुसरी बाजू थंड हवी, म्हणजे त्यांना सरकता येते. पुण्यातल्या डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी लागतेच. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नये. आधी त्याला अंगाशी धरून सावकाश ऊब द्यावी. थंड शरीरात दूध पचत नाही आणि ते फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. पाजायची वेळ आलीच तर मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर वापरावी. गाईच्या दुधात त्यांना पुरतील इतकी प्रथिने नसतात आणि बहुधा जुलाब होतात. या काळात आईकडेही लक्ष असावे. स्तन कडक व गरम झाले, किंवा ती थरथरू लागली आणि धापा टाकू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर हवेत. दुधात कॅल्शियम जाऊन रक्तातील कॅल्शियम घसरल्याचे ते लक्षण असू शकते.

डोळे आठवडा-दहा दिवसांत उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून पिल्ले अडखळत खोक्याबाहेर येतात. त्याच सुमारास पहिले जंताचे औषध वजनानुसार द्यायचे असते, कारण जंत आईच्या दुधातूनही येतात. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू जे अनुभवते, त्यावर त्याचा माणसांविषयीचा विश्वास बऱ्याच अंशी ठरतो. म्हणून घरातल्या प्रत्येकाने रोज थोडा वेळ त्यांना हाताळले, मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या त्यांच्या कानांवर पडू दिल्या, केस विंचरून घेण्याची आणि नखे कापून घेण्याची सवय तेव्हाच लावली. लांब केसांच्या मांजरीला ही सवय नसेल तर तिचे पुढचे आयुष्य जटा आणि त्या कापण्यासाठी द्यावी लागणारी भूल यांत जाते.

पिल्लू दूध सोडून खाऊ लागले की ते द्यायला तयार झाले, असे मानणे ही मोठी चूक आहे. ते आईकडून आणि भावंडांकडून चावण्याचा जोर आवरायला, खेळ थांबवायला शिकते, आणि हे शिक्षण तिसऱ्या महिन्यापर्यंत चालू असते. हेलसिंकी विद्यापीठाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पाच हजारांहून अधिक मांजरांच्या अभ्यासात आठ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा अधिक दिसला होता. मी बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत एकही पिल्लू दिले नाही. तोवर दोन लसी झाल्या, आणि पहिले दोन-तीन महिने चार पिल्लांचे खाणे, वाळू आणि दवाखाना यांचा खर्च पाहता यातून पैसे मिळवता येतात हा समज कुठून आला असेल, असा प्रश्न मला पडला. व्यवस्थित केलेली वीण तोट्यातच जाते. ज्यांना नफा होतो, ते यातले काहीतरी वगळत असतात.

पिल्लू देण्याआधी मी प्रत्येक घर पाहून आले. बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी आहे का, घरमालकाची किंवा सोसायटीची हरकत आहे का, गावी जाताना मांजर कोणाकडे राहणार, आणि घरातील सगळ्यांना ती खरोखर हवी आहे का, हे विचारले. एका घरी जाळी नव्हती, तर ती बसेपर्यंत पिल्लू माझ्याकडेच राहिले. सोबत लसींचे कार्ड, वजनांच्या वहीची प्रत, आईबापांच्या चाचण्यांचे अहवाल आणि सवयीचे अन्न दिले. नसबंदी सहा महिन्यांच्या आत करायची, आणि कोणत्याही कारणाने सांभाळणे अशक्य झाले तर मांजर दुसऱ्या कोणाला न देता माझ्याकडे परत आणायची, असे दोन्ही बाजूंनी सही करून लिहून ठेवले. परत आणण्याला वयाची अट घातलेली नाही.

आईला या सगळ्यात एक धोका उरतो, तो म्हणजे पाजत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते आणि काही आठवड्यांतच पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून बोक्यांपासून तिला पूर्ण दूर ठेवले. शेवटचे पिल्लू गेल्यावर तिचे दूध आटू दिले, वजन भरून येऊ दिले, आणि मग डॉक्टरांनी तारीख दिली त्या दिवशी तिची नसबंदी करून घेतली. माझ्याकडे राहिलेल्या तिच्या मुलीची शस्त्रक्रिया वयाच्या पाचव्या महिन्यात, पहिला माज येण्याआधीच झाली.